मुलगी बघायला आले, अक्षरं घेऊन

नाही, पण मला सांगा, मुलगी बघायला येताना माणूस हातात काय घेऊन येतो? पेढे आणतो, नारळ आणतो, नाहीतर रिकामा येतो आणि खाऊन जातो. हा माणूस अक्षरं घेऊन आला! इंग्रजी अक्षरं! लाकडाच्या छोट्या छोट्या चकत्या, मखमली थैलीत भरलेल्या. आल्या आल्या खळ्‌कन टेबलावर ओतल्या. मला वाटलं, सुपारी आहे. हातही पुढे केला मी... मग तोच हात कानामागे नेला, जसं काही खाजतच होतं.

तुम्हाला सांगतो, हे स्थळ राजेंद्र नगरचं. हे थैलीवाले अच्युतराव, मुलाचे वडील, बँकेतून रिटायर. मुलगा मानस, कुठल्याशा नव्या कंपनीत कॉम्प्युटरवर. आणि मुलाची आई, बेबीताई. आमच्या अमितासाठी याआधी तीन स्थळं येऊन गेली. आमची कापडाची मिल चालू होती तेव्हा लोक मला बसायला खुर्ची द्यायचे, आता मिलचं नाव काढलं की आपली खुर्ची मागे घेतात. जणू टाळं मिलला नाही, माझ्या तोंडाला लागलंय! आणि हा मानस पोरीला आवडला होता, बरं का. बोलली नाही ती, पण फोटो परत द्यायला चार दिवस लावले. बापाला तेवढं कळतं.

तर लीलानं, म्हणजे आमच्या हिनं, सकाळपासून खपून भुट्ट्याचा कीस केलेला. मका किसून दुधात शिजवलेला, वर खोबरं, कोथिंबीर, ताटल्यांतून वाफा निघतायत. अन् अच्युतराव म्हणतात, नाकातून बोलतात ते, "खाणं होतच राहील. आधी थोडा बुद्धीचा व्यायाम. आमच्याकडे रोज जेवणाआधी असतो." जेवणाआधी? मग हे लोक जेवतात केव्हा?

थैलीत हात घालून सात अक्षरं काढली, आमच्या पोरीपुढे मांडली. यातून इंग्रजी शब्द करायचे म्हणे. जितके जास्त, तितकी मुलगी तल्लख. आता बाजार उघडला, बाहेरच्या कंपन्या येणार, ज्या घरात इंग्रजी शब्द जास्त तेच घर पुढे जाणार. अरे भिया, आमची मिल तर आख्खी इंग्रजी होती! गेटवर इंग्रजी, मशीनवर इंग्रजी, बंद झाल्याची नोटीस लागली तीपण इंग्रजीत. गेली का कुठे पुढे? पण मी आपली मान डोलावली. मुलीचा बाप. आणि इकडे कीस निवतोय.

अमितानं 'टी' केला. चहाचा टी. मग 'टीम' केला. मग 'मीट' केला, तर अच्युतराव म्हणतात, "आम्ही शाकाहारी आहोत." झालं! पोरगी जी बिचकली ती बिचकलीच. टायपिंगच्या क्लासात पोरींना शिकवते ती, बोटं कशी पळतात तिची, पण इथं एक चकती उचलायची, ठेवायची, परत उचलायची... मानस आपला बुटाच्या लेसकडे बघत बसलेला. आणि कीस? निवतोय.

आता माझी एक सवय आहे. लूम खात्यात, जिथं कापड विणायचं, तिथं शेकडो लूम एकदम खडखडायचे. कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही आवाज काढायचोच नाही, नुसते ओठ हलवायचो, समोरचा ते वाचायचा. ऑफिसातल्या साहेबाला तोंडावर शिव्या घालायचो, तो नमस्कार समजून मान हलवायचा. घरी लीलालाही शिकवलं. दोन खोल्या, आई-बाप, भाऊ... आमचा सगळा संसार बिनआवाजाचा झाला म्हणा ना.

तर लीला पडद्यापाशी उभी. मी इकडून ओठ हलवले, हा बाबा सून शोधायला आलाय की शाळा तपासायला? लीलानं डोळे वटारले. मी सोडतोय काय? म्हटलं, मुलगा चांगला आहे, बाप उगाच सोबत आणला. आणि आईला बघ, आल्यापासून एक शब्द नाही, ओठांना टाके घातलेत का काय शिवणाराने?

आणि बेबीताईंनी मान वळवली. सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज बिल्कुल नाही.

"टाके नाहीत. यांच्यापुढे मला बोलायला जागाच होत नाही."

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची जमीन... नाही, जमीन होती, मीच नव्हतो. पडद्याकडे बघितलं तर लीला गायब. ऐनवेळी पळणारी बाई! मग काय करतो, ओठांनीच विचारलं, कुठलं खातं? त्या म्हणाल्या, वडील लूम खात्यात होते, रात्रपाळी. आणि पुढे म्हणाल्या, तुमचा कीस निवतोय.

इतक्यात अच्युतराव चकत्या गोळा करायला लागले. "तीनच. बरं. कळवतो आम्ही." आता 'कळवतो'चा अर्थ आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतो. अमिता उठायला लागली, ताटल्या आवरायचं निमित्त करून. मला तिच्याकडे बघवेना, मी पंख्याकडे बघितलं.

आणि बेबीताई बोलल्या. आवाज काढून. बारीकसा आवाज, वापर नसल्यासारखा.

"मला मुलगी पसंत आहे."

"अगं, पण शब्द तीनच झाले..."

"मला तर एकही येत नाही. तीस वर्षं तुमचं घर चाललंच ना?"

आणि ताटली ओढून थंड कीस खायला लागल्या. मानसनं लेसवरची नजर काढली, त्यानेही ताटली उचलली, अमिताकडे बघून हसला. अच्युतराव थैली हातात धरून उभे, कुणी त्यांना बसाही म्हणेना.

लग्न झालं. पोरगी सुखात आहे, रोज जेवणाआधी सासऱ्याला जिंकू देते. पण माझं काय झालं ते बघा. दर रविवारी व्याही येतात थैली घेऊन, माझ्यासमोर ओततात, मला खेळायला बसवतात, मला! मी मुकाट बसतो. पोरीचं सासर आहे, भांडून सांगतो कुणाला?

परवा तर सकाळपासून तोंडातून आवाज काढला नव्हता मी, शपथेवर सांगतो. ओठ हलले असतील, तेवढेच. समोर दोघी विहिणी शेंगा सोलत बसलेल्या. माझ्याकडे बघत बेबीताईंचे ओठ हलले: "हे एक मिनिट तरी गप्प बसतात का हो?"

आणि आमची लीला, आमचीच, मीच शिकवलेली... तिचे ओठ हलले: "झोपेतसुद्धा नाही."