मोगऱ्याजवळचं वळण

गुजरातेत, अकोट्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या मांडीवर बागेतल्या छोट्या रेल्वेचा नकाशा होता.

"निरू, आज पहाटे एकट्यानेच इंजिन चालवलं. त्याच वळणावर घसरलं."

"म्हणजे त्या दिवशी मोहना म्हणाली तसं तिने ढकललं नव्हतं?"

"वळणच फार आवळलंय. तुझा मोगरा वाचवायला गेलो."

"आता मोगऱ्याचा दोष! अहो, जन्मभर रेल्वेत रूळ टाकलेत तुम्ही."

"म्हणून तर इंजिनाच्या खोक्यातला कागद वाचला नाही. त्यात त्रिज्या चार फूट दिलीय. मी अडीचच ठेवली."

"आणि नातीला सगळ्या सोसायटीदेखत ओरडलात."

"रूळ गुपचूप बदलतो. गाडी धावली की विसरेल."

"काल झाडांना पाणी घालताना ती रुळांपासून लांबून गेली."

"तूच सांग ना तिला."

"मी नाही ओरडले."

तेवढ्यात आतून आजोबांच्या नंबरची हाक आली, "चालो काका, तमारो वारो."

आपला नंबर मला देत आजोबा माझ्याकडे वळले. "बेन, तमे पहेलां जाओ." मग त्यांनी फोन लावला.

"मोहना, आलीस शाळेतून? त्या दिवशी तू इंजिनाला हात लावला नव्हतास... हो गं. सांगत होतीस तू."