दादाच्या मशीनले फसवाची शर्त

"हिंमत असन तं तुह्या दादाच्या मशीनले फसवून दाखव," माहा दोस्त गुड्डू बोलला, अन् मी येड्यासारखा हो म्हटलो.

दवनीवाड्याच्या आमच्या वावरातली मोटर मोबाईलवरून चालू होते, ती मशीन दादानंच बनवली. मोबाईल तिले एक-शून्याच्या भाषेत मेसेज पाठवते. त्यातला पहिला आकडा सांगते का मागून किती आकडे येऊन राहिले. मले फक्त मोटर चालू कराचा आकडा माहीत होता. मंग मी ठोकून देल्लं, 'वीस येऊन राहिले', अन् पाठवला तो एकच.

मोटर ढिम्म! म्हणून पाहाले वावरात गेलो, तं बाबा मोटरच्या पट्ट्यात हात घालून अडकलेलं गवत काढून राहिले होते. मी पहिले मोबाईल बंद करून टाकला.

संध्याकाळी जेवता जेवता दादा हासून राहिला. "कोन्या येड्यानं मेसेज पाठवला आज. वीस म्हणे, अन् आला एक! माही मशीन पहिले मोजते, मंगच मानते. फेकलाच तिनं तो मेसेज."

मी ताटावरून उठून दादाचे पायच धरले.

"काऊन बे? काय झालं?"

"तो येडा मीच होतो, दादा. लय उपकार झाले तुहे, तुवा मशीनले माह्यावर भरोसा ठेवाले नाही शिकवलं."