समुद्रावर न्यायची राहुटी

साल एकोणीसशे चोपन्न, माघातली थंडी. बायकोने समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून पोरांना घेऊन कोकणात जायचं ठरवलं. तिथे ओळखीचं घर नव्हतं, तेव्हा राहुटी हवी होती.

जुन्नरच्या बाजारात करीमचाचा राहुट्या शिवत आणि भाड्यानेही देत. मी त्यांना म्हणालो, "विकत द्या. भाड्याच्या छपराखाली आमी निजत नाय."

चाचांनी किंमत सांगितली.

बायको मागून म्हणाली, "म्हंजी राहुटी घ्यायची आन् आपल्याच खळ्यात ठोकून बसायचं. समुद्रापातुर जायला पैसं कुठं उरत्यात?"

मी जायला उठलो. तिचा चेहरा उतरला. चाचांनी मला थांबवलं.

"भाऊ, घरात पीठ संपलं तर काय करता?"

"शेजारून उसनं आणतो."

"शेजारणीला भाडं देता?"

"न्हाई."

"मग ही बी उसनीच न्या."

उसनं नेण्यात कमीपणा नसतो. नेली. समुद्र पाहून बायको पहिल्या दिवशी जेवायलाही उठेना.

आमच्याकडे उसनं फेडताना माप शिगोशीग भरतात. गावी आल्यावर राहुटी धुतली, वाळवली, घडीत कोकणातले नारळ घातले आणि चाचांच्या दुकानात नेऊन ठेवली. उसनं फिटलं.