साडूची शिफारस

(सोलापूर. शेंगाचटणीच्या दुकानामागची खोली. दुपारची जेवणं चालली आहेत. सिद्धप्पा, त्याची बायको शिवलीला, आणि शिवलीलाच्या धाकट्या बहिणीचा नवरा विरेश.)

सिद्धप्पा: बुडाली न्हाय, बुडवली! तुमच्या रावसाहेबांनी चौकशी लावली नसती तर नानांची पतसंस्था आजबी सुरू असती.

विरेश: अण्णा, शांतपणे घ्या. विषय असा आहे की, नानांनी लोकांच्या ठेवी उचलून स्वतःच्या मेव्हण्याच्या साखर कारखान्याला दिल्या. कारखाना बसला, पतसंस्थाही बसली. यात रावसाहेबांचा संबंध येतो कुठं?

सिद्धप्पा: त्या कारखान्याची फीत कुणी कापली?

विरेश: तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.

सिद्धप्पा: कुणी कापली ते सांग की.

विरेश: रावसाहेबांनी. पण तेव्हा दोघंही एकाच पक्षात होते.

सिद्धप्पा: हां! एका पक्षात हुते तवर कारखाना चांगला. येगळं झालं की घोटाळा. नानांनी पक्ष सोडला आन् त्याच म्हयन्यात चौकशीवाले दारात. मग मोबाईलवर बोंब, पैसे काढा, पैसे काढा. कुटनं उठली ती बोंब? मोहोळातनं उठली.

विरेश: मोहोळात काय मी एकटाच राहतो?

सिद्धप्पा: तितं तुझ्याबिगर पान हलत न्हाय म्हणं. वाढदिवसाला चौकात केवढा फलक लावलावतास! रावसाहेब एवढंसं, तू एवढा.

शिवलीला: आवो, जरा सुम्न बसा की. पाव्हण्याला घास गिळू द्या. विरेश, भाकरी कडक हाय, दह्यात मोडून घ्या. चटणी घालू का अजून?

विरेश: घाला अक्का. यासाठी तर येतो आम्ही.

सिद्धप्पा: चटणीसाठी आला व्हय एवढ्या लांब? पांढरी गाडी दुकानाच्या तोंडावर लावून? सकाळधरनं गिऱ्हाईक वाट काढून आत येतंय.

शिवलीला: मी बोलीवलंय त्यांना.

सिद्धप्पा: तू? कशाला?

शिवलीला: गाळ्यासाठी. विरेश, तुमाला फोनवर सगळं सांगता येईना. ह्या गाळ्याचा मालक पुण्याला चाललाय पोराकडं. गाळा विकतोय. म्हणाला, ईस वर्सं तुमी हितं चटणी विकताय, पैला हक्क तुमचा, पण म्हयन्याअखेरपर्यंतच. मागं मोबाईलवाला उभाच हाय. आन् आमचं हुतं नव्हतं सगळं नानांच्या पतसंस्थेत अडकलंय.

सिद्धप्पा: ह्याला कशाला सांगतीस? वाजत गाजत सांग की साऱ्या सासुरवाडीला.

शिवलीला: कुणाला सांगू मग? नानांना? त्यांचा फोन लागतोय का तुमच्यानं? तितं सरकारनं प्रशासक बसवलाय. जे लई अडचणीत हायेत त्यांचे पैसे तो आधी सोडणार, आन् त्याच्यापाशी रावसाहेबांचा शब्द चालतो. सारी गल्ली बोलतीय.

विरेश: गल्ली बोलते ते खरं आहे, अक्का. आमच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला ऑफिसनं सांगितलंय, एक नाव द्या. एकच. जास्त नाही.

शिवलीला: मग आमचं द्या की.

विरेश: बघतो.

शिवलीला: बघतो म्हंजे?

सिद्धप्पा: म्हंजे न्हाय. पुढारी न्हाय म्हणत न्हाईत, बघतो म्हणतेत. आन् मला नकोच हाय. पतसंस्था बुडवायची ह्यांनी, आन् पैसे बी ह्यांच्याच पाया पडून सोडवायचे?

विरेश: अण्णा, एक विचारू? राग मानू नका. आपल्या सासऱ्यांनी, अप्पांनी, आपल्या दोघांना काय सांगितलं होतं? दोघांनी रावसाहेबांच्या बँकेत ठेवा म्हणून सांगितलं होतं. तुमची ठेव तिथंच होती. ती बँक आजही व्यवस्थित चालू आहे. तुम्ही मोडून नानांकडं नेलीत. आता सांगा, यात कुठलं सरकार आलं?

सिद्धप्पा: नाना अर्धा टक्का जादा देत हुते.

शिवलीला: अर्ध्या टक्क्यासाठी न्हाय नेली.

सिद्धप्पा: तू गप.

शिवलीला: न्हाय गप बसत. धा दिस झाले ऐकतीय, नाना असं आन् रावसाहेब तसं. दुकानात गिऱ्हाईक पाव किलो चटणी मागतंय आन् ह्ये त्याला चौकशी सांगत्यात. विरेश, बँकेची वार्षिक सभा आठवतीय का? तुमी वर स्टेजवर बसलावता.

विरेश: हो. मंडपाचं काम माझंच होतं.

शिवलीला: ह्ये खाली बसलेवते, मागं, खांबाच्या कडंला. तुमी माईक घेतला आन् म्हणालात, आमचे साडू बी आलेत, त्यांनी जरा उभं ऱ्हावं.

विरेश: मग? मान दिला की! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिद्धप्पा: मान? शाळेत मास्तर उभं करतो तसं उभं केलंस मला. वर तू, खाली मी. कडंचा मला विचारतोय, तुमी विरेशअण्णांचे कोण? मी तुझा कोण! तुझ्याआधी सात वर्सं मी त्या घरचा जावई हाय. तू हुतास कुटं तवा?

शिवलीला: दुसऱ्या दिवशी जाऊन ठेव मोडून आले. व्याज बुडालं तरी चालंल म्हणाले, त्याच्या बँकेत एक दिस ठेवणार न्हाय. त्याची बँक! जशी काय विरेशनं बांधलीय.

सिद्धप्पा: व्हय, मोडली. जळतो मी ह्याच्यावर. घे, सांगितलं तोंडावर. धोंड्याच्या म्हयन्यात ह्याला चांदीचं ताट, मला वाटी. ह्याच्या पोळीवर तूप दोनदा. ह्यो दारात आला की सासू पदर सावरून उठती. मी आलो तर म्हणती, आलास का, जरा त्यो गॅस बदलून दे.

विरेश: गॅस बदलून दे!

सिद्धप्पा: हसतोस काय?

विरेश: अण्णा, मला त्या घरात कुणी आजपर्यंत एक काम सांगितलं न्हाई. पाव्हणा म्हणून बसवून ठेवतात. खुर्ची देतात, पंखा लावतात, आन् माझ्यासमोर बोलणं बंद करतात. अप्पांच्या छातीत दुखलं त्या वक्ताला मी गाडी घेऊन दारात उभा. अप्पा म्हणाले, सिद्धप्पा येऊ दे, मग जाऊ. छातीला हात धरून तुमची वाट बघितली त्यांनी. मी गाडीत चावी फिरवत बसलो हुतो.

सिद्धप्पा: ती गोष्ट येगळी.

विरेश: येगळी कशी? आमच्या घरात तर रोजचं हाय. नागम्मा जेवायला बसली की, अक्काची चटणी अशी आन् अक्काची चटणी तशी. तुमी ठेव नानांकडं नेली ते तिला अक्कानं सांगितलं. त्या दिसापासनं ठेका धरला, दाजींना अर्धा टक्का जादा मिळतोय, तुमाला त्यांच्यासारखं कळत न्हाय. दाजींना कळतंय! म्हयनाभर ऐकलं. मग...

शिवलीला: मग काय?

विरेश: काय न्हाय.

शिवलीला: विरेश, मग काय केलंत?

विरेश: मी बी नेली. माझी ठेव. नानांच्या पतसंस्थेत.

सिद्धप्पा: तू? रावसाहेबांचा माणूस?

विरेश: नागम्माच्या माहेरच्या नावावर ठेवली. तितं मला कुणी बघू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून गेलो हुतो. तुमच्यापेक्षा मोठी रक्कम ठेवली, मुद्दाम.

सिद्धप्पा: आन् सकाळधरनं मला शिकवतोस, नाना चोर, नाना लुटारू!

विरेश: चोर हायेतच की! माझे बी खाल्ले!

शिवलीला: अय्यो शिवा. एक वर चढला म्हणून दुसरा हिरीत उडी मारतोय. आन् त्याला मोठी उडी मारायची म्हणून तिसरा...

सिद्धप्पा: तिसरा न्हाय, दोघंच हाओत.

शिवलीला: दोघंच पुरं हाय.

विरेश: अक्का, खरं सांगतो. मी आज न्हाय म्हणायला आलो हुतो. जेवून, पोट भरून, मग न्हाय म्हणायचं. ते एक नाव मी नागम्मासाठी ठेवलंय. माहेरचं नाव आहे, ऑफिसात कुणाला कळणार न्हाय. पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराईला नवीन कापड घ्यायचंय मंडपाला, जुनं फाटलंय.

शिवलीला: बरं. खरं बोललात ते चांगलं झालं. मोबाईलवाल्याला सांगते, घे गाळा.

सिद्धप्पा: आगं, ह्याला नाव ठेव म्हण न्हायतर दे म्हण, काय फरक पडतोय? ह्याच्या शब्दानं काय हुणार? फलकावरचा फोटो हाय ह्यो. खऱ्या येळेला ह्याला इचारतंय कोण तितं?

विरेश: काय म्हणालात?

सिद्धप्पा: इचारतंय कोण, म्हणालो.

विरेश: रावसाहेबांच्या ऑफिसात माझा शब्द चालत न्हाई?

सिद्धप्पा: न्हाय चालत.

विरेश: लावतो. आत्ता लावतो त्यांच्या पीएला फोन. स्पीकरवर. ऐका तुमच्या कानानं.

शिवलीला: विरेश, उगं इरेला पेटू नका.

विरेश: थांबा अक्का. वाजतोय.

फोनवरून: हां, बोला.

विरेश: नमस्कार साहेब. विरेश बोलतोय.

फोनवरून: कोण विरेश?

विरेश: मोहोळचा विरेश, साहेब. तालुका उपाध्यक्ष.

फोनवरून: मोहोळला उपाध्यक्ष बारा-तेरा आहेत हो. कशाबद्दल बोलताय?

विरेश: साहेब, ते मी... सभेला मंडप असतो ना आपला...

फोनवरून: अरे, खुर्च्यावाला! असं सांग की मग. काय रे, मागच्या सभेला तुझ्या दोन खुर्च्या मोडल्या, पाहुणा पडला आमचा. साहेब किती चिडले माहितीय का?

विरेश: चूक झाली साहेब. पोरांनी जुन्या आणल्या. माफ करा.

फोनवरून: काय काम?

विरेश: ते पतसंस्थेचं, साहेब. प्रशासकाकडं नाव द्यायचं. प्रत्येकाला एक म्हणाला हुता.

फोनवरून: ते पदाधिकाऱ्यांसाठी आहे रे. मंडपवाल्यांना कुठं देत बसू?

विरेश: साहेब, ऐका की जरा. मोडनिंबची सभा हाय ना पुढं? मंडप माझा. फुकट. खुर्च्या, माईक, सगळं. फक्त एक नाव घ्या. लई अडचण हाय हो त्यांची.

फोनवरून: फुकट म्हणजे फुकट? नंतर तगादा नको.

विरेश: न्हाय साहेब. शब्द देतो.

फोनवरून: बरं, सांग नाव. लवकर.

शिवलीला: नागम्माचं सांगा. विरेश, तुमचंच सांगा तुमी.

फोनवरून: हॅलो? नाव सांग रे, दुसरा फोन येतोय.

विरेश: लिहा साहेब. शिवलीला सिद्धप्पा कलशेट्टी.

फोनवरून: तुझी कोण?

विरेश: थोरल्या साडूची बायको. चटणीचं दुकान हाय त्यांचं. लई नावाजलेलं.

फोनवरून: कलशेट्टी. ठीक आहे. सोमवारी ठेवपावती घेऊन पाठव त्यांना. आणि खुर्च्या नव्या आण.

शिवलीला: ठेवला त्यानं.

विरेश: हां. सोमवारी जा. मी सांगितलंय म्हणावं.

शिवलीला: आवो, बोला की काय तरी. एवढा येळ तोंड चाललंवतं.

सिद्धप्पा: तसाच बोलतो व्हय त्यो तुज्याशी?

विरेश: कामात असतात. तसं न्हाय नेहमी.

सिद्धप्पा: आरंतुरं करतोय. त्याचं वय काय आसंल? आपल्या पोराएवढा, संगमेशएवढा आवाज हाय.

विरेश: जाऊ द्या की अण्णा. झालं ना काम?

सिद्धप्पा: तू नागम्माचं का न्हाय सांगितलंस?

विरेश: काय माहीत. तोंडात त्येच आलं.

शिवलीला: खोटं बोलताय. इरेला पेटून सांगितलंत.

विरेश: आधी इरेलाच पेटलो हुतो, अक्का. त्यो खुर्च्यावाला म्हणाला, तवा ती बी उतरली. मग वाटलं, एवढं ऐकून घेतलंय तर ज्यांनी ऐकलं त्यांचं तरी काम व्हावं.

सिद्धप्पा: नागम्माला काय सांगणार?

विरेश: त्येच कळंना. तिला वाटतंय, रावसाहेब मला विचारल्याबिगर चहा बी पीत न्हाईत. आज पैसे सुटल्याची बातमी घेऊन येतो म्हणून निघालोय घरातनं. आता जाऊन काय सांगू? नाव अक्काचं दिलं, आन् आपलं तसंच अडकलं?

शिवलीला: मी बोलते तिच्याशी. माझी भैन हाय.

विरेश: तुमी बोललात तर खुर्च्यावालं बी सांगाल, अक्का.

शिवलीला: न्हाय सांगणार.

विरेश: भैनी भैनी सांगताच हो. आमच्या घरात काय शिजलं ते तुमाला कळतंय, तुमच्या ठेवीचं आमाला कळलं. त्यातनंच ह्ये सगळं झालं.

सिद्धप्पा: ती न्हाय बोलणार. मी बोलतो. फोन लाव नागम्माला.

विरेश: तुमी? तुमी काय सांगणार?

सिद्धप्पा: सांगतो, थोरल्या भैनीची अडचण बघून तुज्या नवऱ्यानं आपलं काम मागं ठेवलं. आन् रावसाहेब सोता फोनवर आले म्हणून सांगतो. विरेशअण्णा, विरेशअण्णा करत हुते. मी माझ्या कानानं ऐकलं.