साधं दार हो!

…आणि वर आमचे हे मला विचारतात, "दारच ना? मग एवढं काय त्यात?" एवढं काय? एवढं काय म्हणे! अहो, तुम्हाला सांगते, या माणसानं लग्नानंतर आजतागायत न्हाणीघराची कडी बसवली नाही, आत कोणी असलं की आम्ही अजून खोकून कळवतो, आणि हा मला दार शिकवणार! साधं दार हो! उघडायचं आणि लागायचं, एवढंच मागत होते मी त्याच्याकडे. दाराकडे म्हणतेय, यांच्याकडे मागणं केव्हाच सोडलं.

हं, तर हे दार कुठलं? हे दार नाहीच आहे! म्हणजे आहे, पण संगणकात आहे. त्याचं काय, की आमची लेक नोकरीला परमुलखात. फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते, बाय", आणि टुक्! बंद. तो "बाय" माझ्या कानात शिरेपर्यंत बाई गायब. पण ही पोरगी सुट्टीच्या दिवशी त्या संगणकातल्या गावात मात्र तासन् तास असते. खरंच गाव आहे हो! रस्ते, झाडं, समुद्र, सगळं खोटं, आणि माणसं खरी, फक्त सोंगं घेतलेली. म्हटलं, फोनवर भेटत नाही ना, मग मीच येते तुझ्या गावाला! शिकले. पडत धडपडत शिकले. पहिल्या दिवशी समुद्रातच चालत गेले, तिथं बुडत नाही म्हणून वाचले. लेकीनं शेजारची जागा दिली, म्हणाली, "आई, तू बांध तुझं घर, मी येते रविवारी."

बांधलं! भिंती केल्या, छप्पर केलं, कोच ठेवला. राहिलं दार. आता तुम्ही म्हणाल, खोट्या घराला दार कशाला? सांगते. आपल्याकडे माणूस आत बसलेला असतो तेव्हा काय बोलतो? हवा-पाणी बोलतो, गुडघे बोलतो. खरं बोलणं कधी होतं? "बरं, निघते" म्हटल्यावर! एक पाय चपलेत, हात कडीवर, आणि मग, "अगं, सांगायचं राहिलंच…" की पुढचा तासभर चिंता नको. आमच्या थोरल्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं ते असंच दारात उभं राहून निस्तरलं. फोनला दारच नाही हो! म्हणून टुक्. मला माझी लेक दारात हवी होती, बास.

तर दार केलं. उभी फळी. आणि ती फळी ढिम्म! का? तर म्हणे तिला स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट म्हणजे दाराला लेखी हुकूम, "बाई गं, कोणी हात लावला की फीर." तोही इंग्रजीत, आणि ओळीच्या शेवटी टिंब-स्वल्पविराम राहिला तर दार रुसतं. आमच्या सासूबाईसुद्धा एवढ्यावरून रुसत नव्हत्या! लिहिलं, नव्वद अंश फीर. तर दार गरगरलं आणि भलत्याच बाजूला तोंड करून उभं राहिलं. का? तर तिथं अंश चालत नाहीत, कोन मोजायचं वेगळंच माप आहे! अहो, मग आम्ही शाळेत कोनमापक घेऊन बोटं का टोचून घेतली?

ते निस्तरलं, तर दुसरंच. दार फिरलं, पण मधोमध! पोटात खिळा मारल्यासारखं. अर्धं घरात, अर्धं अंगणात, आणि मी मध्ये चिमटलेली. साधं दार हो! उघडायचं आणि लागायचं!

मग गेले तिथल्या एका जाणकाराकडे. पाठीला पंख, डोक्याला शिंगं, अंगात कोट. म्हटलं, "भाऊ, दार मधून फिरतंय." तर हे पंखवाले मला म्हणतात, "बाई, अक्ष ही संकल्पना आधी समजून घ्या. वस्तू स्वतःच्या केंद्राभोवतीच फिरते." म्हटलं, "अहो, पण बिजागरी?" तर म्हणे, "इथं बिजागरी नसते." आणि उडून गेले! खरंच उडून गेले. प्रश्न विचारला की उडून जाणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पंख लावलेला पहिलाच.

शेवटी आमच्या ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडबंद करत बसले. हे म्हणाले, "काय शोधतेस?" म्हटलं, "बिजागरी." म्हणाले, "चहाचं बघ जरा." आणि तिथंच लखकन् डोक्यात आलं. दार हवं त्याच्या दुप्पट रुंद करायचं आणि अर्धं कापून टाकायचं! संगणकाला वाटतं सगळं दार आहे, तो फिरवतो मधूनच, पण मध्य आता कडेला आलेला. फिरलं! झोकात फिरलं! मी अशी ओरडले की यांच्या हातून कप पडला. फुटला. तेवढंही साजरं झालं.

रविवार आला. आणि मला ऐन वेळी अवदसा आठवली. म्हटलं, लेकीला हात तरी कशाला लावायला लावायचा? जवळ आली की आपोआप उघडावं, लांब गेली की लागावं. घाईघाईनं दोन ओळी घातल्या. दार आपलं बंदच. म्हटलं, चालवून बघते… तोवर मागून आवाज, "आई, मस्त झालंय घर!" वळून बघते तर बाईसाहेब कोचावर! "अगं, आलीस कुठून?" "आई, इथं दारातून कोण येतं? नाव दाबलं की पोचतो." घ्या! एवढी हाडं झिजवली त्या दारासाठी, आणि ही आली आकाशातून!

बसली. हवा-पाणी झालं. माझे गुडघे झाले. मग म्हणाली, "बरं, निघते." माझा चेहरा तिथं दिसत नाही, पण ‘निघालीस?’ म्हणतानाचा आवाज दिसला असावा. म्हणाली, "थांब, तुझ्या दारातून जाते." मघाशी मी होते जवळ म्हणून ते बंद होतं, मी आत कोचाशी जाऊन बसले तसं ते आपलं आपणच उघडलेलं. आणि ही गेली जवळ, तर धाड्! लागलं. मागे सरली, उघडलं. पुढे गेली, धाड्! मी दोन ओळींची अदलाबदल केलेली! माणूस आला की बंद, गेला की सताड उघडं. आमच्या सरकारी कचेरीसारखं.

लेक हसायला लागली. "आई, हे मला जाऊ देत नाहीये!" म्हटलं, "जा ना मग आलीस तशी, नाव दाबून." "छे! आता जाईन तर दारातूनच." हट्ट कोणाचा? यांच्याकडचा नव्हे! एक पाऊल पुढे, धाड्, एक पाऊल मागे… आणि त्या धाडधाडीत मध्येच दाराशी थांबली. म्हणाली, "आई, सांगायचं राहिलंच… मला इथं नाही गं करमत. ऑफिसात कोणी बोलत नाही माझ्याशी. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस." म्हटलं, "नाही रडत." रडत होते. तिथं दिसत नाही, तेवढी एक सोय आहे. किती बोललो, सांगू? यांनी चहा स्वतः करून घेतला!

आता गोष्ट इथंच संपायला हवी होती की नाही? पण लेक गुणाची हो! जाता जाता म्हणाली, "आई, किती त्रास झाला तुला," आणि चुटकीसरशी त्या दोन ओळी सरळ केल्या. वर त्या ओळींना कुलूप घातलं, की आईनं पुन्हा हात लावायला नको. दार असं सुरेख उघडतं म्हणून सांगू! परवाच्या रविवारी आली, दहा मिनिटं बसली, "निघते," उघडलं, गेली, लागलं. टुक्.

काय करता! पोरीनं प्रेमानं केलंय, बोलायचं कोणाला? म्हणून मी आपला जिना करायला घेतलाय. आपोआप वर-खाली होणारा. लेकीला म्हटलं, कोच आता वरच्या मजल्यावर ठेवणार, आणि हो, जाताना जिन्यानंच जायचं हं! रोज लिहितेय स्क्रिप्ट, टिंब-स्वल्पविरामासकट, आणि देवाला एवढंच सांगतेय… बाबा रे, हा तरी चालू देऊ नकोस!