रशीदचाचांच्या कपाटाची चावी

मंडळी, पोरांनो, मागं भिंतीला टेकून उभे असलेले ग्रंथालयातले भाऊ, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या चाची. एवढ्या उन्हाचं तुम्ही आलात. रशीदचाचांच्या शोकसभेला आलात. मला बोलणं जड जाऊन राह्यलंय. सकाळपासून दोनदा वाटलं, न्हाई म्हणून सांगावं. पण चाची म्हणाल्या, "कमल, तू बोल. बाकी लोग तो तारीफ करेंगे." म्हणून उभी राहिले. तारीफ झाली, मी ऐकली. आता मी बोलते.

ज्यांना मी ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. मी कमल, केदारखेड्याची. नवीन जालन्यात एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. मला लहानपणापासून दिसत न्हाई. माणसाचं तोंड मला कळत न्हाई, पण आवाज एकदा ऐकला की विसरत न्हाई. दिवसभर धंदाच तो माझा. तेव्हा या व्यासपीठावरून जे चौघं बोलून गेले, त्यांनी नावं सांगितली नसती तरी चाललं असतं. हेच आवाज आधी काय बोलले होते, ते पण माझ्या ध्यानात आहे.

एक साहेब म्हणाले, रशीदभाई म्हणजे या संस्थेचा कणा. साहेब, तुमच्या कण्याला तुम्ही जन्मभर परिचर ठेवलं. पुस्तकं झटकायची, रांगेत लावायची आणि चहा आणायचा. गेल्या साली याच कण्याला तुम्ही लेखी मेमो दिलात, ग्रंथालयात गोंगाट केला म्हणून. आज त्यांच्या फोटोला हार घालताना हात कापला न्हाई तुमचा. लाज कोळून प्यायलं की हात कापत न्हाई.

या गोंगाटाचीच गोष्ट सांगते. बाकी काही सांगत न्हाई.

मी इथं या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आले तेव्हा माझ्यासोबत माझी चुलतबहीण होती. ती वाचायची, मी ऐकायची. ग्रंथालयात बसलो, तिनं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं, अर्धं पान झालं नसंल तोच मागून आवाज आला. "पाटी दिसत न्हाई का? शांतता राखा लिहिलंय." मी म्हणाले, "न्हाई सर, मला दिसत न्हाई." माझ्या बहिणीला हसू आलं. आम्हाला दोघींनाही बाहेर काढलं.

बाहेर पायरीवर मी रडून राह्यले होते. तिथं एक माणूस येऊन बसला. म्हणाला, "बेटा, कौनसी किताब?" मी सांगितलं. म्हणाला, "मेरी मराठी जरा कच्ची है. चलेगी?" ते रशीदचाचा. मागं जुने पेपर टाकायची एक खोली होती. त्यांनी ती झाडली, एक टेबल ओढलं, दोन खुर्च्या टाकल्या. ज्या खोलीत तोवर उंदरांशिवाय कोणी जात नव्हतं, तिथं दार लावून त्यांनी मला वाचून दाखवायला सुरुवात केली. घरात उर्दू बोलणारा माणूस. 'ळ' म्हणताना जीभ अडखळायची. 'मागणी आणि पुरवठा' वाचता वाचता मध्येच थांबून म्हणायचे, "हे तर आपल्या मोंढ्याच्या बाजारातलंच झालं ना गं?" मला अर्थशास्त्र त्या अडखळण्यातून कळलं.

पण एका माणसाचा घसा किती चालणार? मंग त्यांनी एक नियम काढला. तो कुठल्या कागदावर न्हाई, कुठल्या ठरावात न्हाई. पुस्तक उशिरा आणून दिलं की दंड घ्यायचा न्हाई. दंडाच्या ऐवजी अर्धा तास त्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचं. ज्याला जे लागंल ते. पुढं कोणीतरी टेपरेकॉर्डर दिला, तसं ते वाचन कॅसेटमध्ये भरायला लागले. पोरं पहिल्यांदा तोंड वाकडं करायची. मंग मुद्दाम उशीर करायला लागली. एक मुलगी होती, उर्दू शाळेतून आलेली, तिला मराठी भराभर वाचता यायचं न्हाई म्हणून वर्गात हसायचे. ती रोज यायची. वाचता वाचता तिची मराठी बराबर झाली. एक पोरगा बोलताना अडखळायचा, त्याला कोणी वर्गात उभं करत नव्हतं. चाचा त्याला म्हणायचे, "आरामसे. कॅसेटला घाई न्हाई." त्या पोरानं इतिहासाचं अख्खं पुस्तक भरलं. आज तो कुठं तरी शिकवून राह्यलाय म्हणतात.

असं भरत भरत एक कपाट झालं. त्या कपाटाला कुलूप नव्हतं. कॅसेटांवर चाचांनी बोटाला कळावं म्हणून जाड दोऱ्याच्या गाठी बांधल्या होत्या. एक गाठ अर्थशास्त्र, दोन गाठी इतिहास. माझ्यासारख्यांनी आत हात घालायचा आणि आपलं आपण काढून घ्यायचं. कोणाला विचारायचं न्हाई.

नियम प्राध्यापकांनाही लागू होता बरं का. चाचा कोणाला सोडायचे न्हाईत. एक नवे तरुण प्राध्यापक होते अर्थशास्त्राचे. पुस्तक दोन महिने घरी ठेवलं. चाचा म्हणाले, "सर, अर्धा तास." ते आले, बसले, वाचलं. आवाज सुरेख, अगदी रेडिओवरचा. पण मनातून घाई. त्यांनी मधली पानं सोडून दिली. मला काय कळणार, असं वाटलं असंल. कळलं. आधीच्या पानाचं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि पुढं दुसराच धडा सुरू. परीक्षेत नेमका त्याच पानांवरचा प्रश्न आला. पण मला तो आला, कारण चाचांनी ती कॅसेट ऐकली होती, आणि गाळलेली पानं आपल्या कच्च्या मराठीत शेवटी भरून ठेवली होती. वाचण्याआधी म्हणालेत, "साहब को जल्दी थी. उरलेलं मी वाचतो."

ते तरुण प्राध्यापक आज या महाविद्यालयाचे उपप्राचार्य आहेत. नाव घेत न्हाई. ते आत्ता बोलले ना, वंचितांच्या शिक्षणाची तळमळ म्हणून? आवाज अजून सुरेख आहे. पानं अजून गाळतात.

गाळलेलं पान मी सांगते. नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठाची पाहणी समिती यायची होती. इकडं धावपळ, भिंतींना रंग, झाडांना चुना. समितीच्या यादीत एक ओळ होती म्हणे. सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयात काय सोय आहे? आता सोय कुठून आणायची? कोणाला तरी आठवलं, तो रशीद मागं काहीतरी करत असतो. झालं. आयत्या बिळावर नागोबा. चाचांचं कपाट उचललं आणि प्राचार्यांच्या दालनाबाहेर आणून ठेवलं. काचेची दारं बसवली. दोऱ्याच्या गाठी बऱ्या दिसत न्हाईत म्हणून कापून टाकल्या आणि छापील चिठ्ठ्या डकवल्या. आंधळ्यांच्या कॅसेटांवर छापील चिठ्ठ्या. वर पाटी लावली, सर्वसमावेशक ग्रंथसेवा कक्ष. सोनेरी अक्षरं आहेत म्हणतात. असतील. मी बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत लागतं.

फीत कापायला मला बोलावलं होतं. शाल दिली. एक जण म्हणाला, "बाई, कॅसेटवर हात ठेवा, फोटो घेऊन राह्यलेत." मी हात ठेवला. हाताला काच लागली.

समिती गेली. त्याच संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं. महागडी वस्तू, पोरं नासवतील. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या. चाचा चावी मागायला गेले. उपप्राचार्य म्हणाले, "अर्ज करा." अर्ज केला. म्हणाले, "ग्रंथपालांमार्फत करा." ग्रंथपालांमार्फत केला. म्हणाले, "ग्रंथालय समितीपुढं ठेवू." मंग चाचांनी अर्ज चालू ठेवले, पण चावीची वाट पाहणं सोडलं आणि वऱ्हांड्यात, सगळ्यांच्या समोर बसून पोरांना वाचून दाखवायला लागले. त्याबद्दल तो मेमो. चाचींनी काल मला त्या अर्जांची पिशवी दिली. कागद मला वाचता येत न्हाईत, पण हातात वजन कळतं. नऊ वर्षांचं वजन आहे.

नऊ वर्षं बंद कपाटात कॅसेटांचं काय होतं, ठाऊक आहे का साहेब? फीत चिकटते, बुरशी येते. जालन्याचा उन्हाळा काचेतून थेट आत. तुम्ही जे कुलूप लावलंत ते शंभर पोरांच्या आवाजाला लावलंत.

यंदा पहिल्या वर्षाला शहागडहून एक मुलगी आली आहे. ती इथं मागं बसलेली आहे. मी तिचं नाव मुद्दाम घेत न्हाई, न्हाई तर उद्या तुम्ही तिलाही शाल द्याल. तिला दिसत न्हाई. तिची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. तिच्याकडं वाचणारं कोणी न्हाई, चुलतबहीण न्हाई, आणि आता चाचा पण न्हाईत. गेल्या महिन्यात चाचांनी मला बँकेत फोन केला. नेहमीसारखा मी फोन उचलला आणि पलीकडून, "कमल, शहागडची पोर आली गं. बिलकुल तुझ्यासारखी. हट्टी. तिला अर्थशास्त्र पाहिजे. सगळं कपाटात आहे. पण चावी मिळून न्हाई राह्यली." मी म्हणाले, "चाचा, मी येते, आपण दोघं जाऊ." म्हणाले, "अगले हफ्ते." तो हफ्ता आला न्हाई. मी त्याच दिवशी जायला पाहिजे होतं. बँकेला सांगून जाता आलं असतं. गेले न्हाई. हे माझ्या जिवाला लागून राहिलंय आणि ते मी इथंच कबूल करते.

आता उपप्राचार्य साहेबांनी आत्ता एक घोषणा केली. टाळ्याही पडल्या. त्या कक्षाला कैलासवासी रशीदभाईंचं नाव देणार. बैल गेला अन् झोपा केला, अशी म्हण ऐकली होती. बैल मारून झोपा बांधणारे आज पहिल्यांदा पाहिले, म्हणजे ऐकले. साहेब, नाव नको. सोनेरी अक्षरं तर बिलकुल नको. त्या माणसानं तुमच्याकडं जन्मात एक वस्तू मागितली. ती तुमच्याजवळ आहे. तुम्ही माईककडं चालत आलात तेव्हा खिशातला चाव्यांचा जुडगा वाजला. नऊ वर्षांपूर्वी फीत कापली त्या दिवशी वाजला होता, तसाच.

मला सांगितलंय, शेवटी दोन मिनिटं मौन घ्यायला सांगा. मला हसू आलं. रशीदचाचांनी या ग्रंथालयात कधी कोणाला गप्प बसा म्हटलं न्हाई. ती शांतता राखाची पाटी होती ना, एका सुट्टीत त्यांनीच उतरवली आणि मागच्या खोलीत टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातली. त्यांच्या नावानं शांतता मागायला माझी जीभ रेटत न्हाई.

तरी मागते. एका कामासाठी मागते.

साहेब, तुमच्यासमोर टेबल आहे, त्यावर चाचांचा फोटो आहे म्हणतात. या दोन मिनिटांत तुम्ही ती चावी त्या टेबलावर ठेवा. कोणी पाहिलं न्हाई असं वाटलं तरी चालेल. मला आवाज आला की पुरे. शहागडच्या पोरीला पण येईल. आणि न्हाई आला, तर चाचांचा नियम अजून आहे. तुम्हाला नऊ वर्षं उशीर झालाय. मौन संपलं की याच माईकवर अर्धा तास वाचायचं. तुम्ही सोडलेली पानं मी पुस्तकासकट आणली आहेत.

चाची, तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी उठा. हालचाल करू नका, पाय घासू नका, खोकला आला तर गिळा.

मी ऐकून राह्यलेय.