गोळ्यांचे रिकामे पत्ते

रुपाली : चार तारखेला सकाळी उपाशीपोटी साखर दोनशे बारा. सात तारखेला, त्याच वेळी, चोपन्न. गोळी एकही चुकलेली नाही.

देवराव : वाचून झालं असंल तं ते वही ठेव पोरी. आल्यापासून वहीच पाहून राह्यली, बापाकडं पाह्यलं नाई.

रुपाली : पाहिलं, बाबा. कपाळावरची खोक पाहिली. चक्कर येऊन तुम्ही विहिरीच्या काठावर पडलात, आत नाही पडलात, एवढाच फरक. उद्या यवतमाळचे डॉक्टर इन्सुलिन सुरू करू म्हणतात. कारण कळण्याआधी ते सुरू झालेलं मला नको आहे. ज्याची साखर आपोआप चोपन्नवर उतरते त्याला इन्सुलिन दिलं, तर पुढची चक्कर शेवटची ठरू शकते.

इंदूबाई : असं अभद्र बोलू नको वं माय. आधी च्या घे.

रुपाली : बाबांच्या चहात साखर असते?

इंदूबाई : सहा महिने झाले, चिमूटभर नाई.

देवराव : सरळ विचार ना, कोनाच्या घरी पेढा खाल्ला का म्हनून.

रुपाली : खाल्ला का?

देवराव : एक. शेजारच्या संघर्षले नोकरी लागली तवा. गेल्या महिन्यात.

रुपाली : गेल्या महिन्यातल्या पेढ्यानं या महिन्याची साखर वाढत नाही. आणि पेढ्यानं ती चोपन्नवर तर कधीच उतरत नाही. यंत्र मी स्वतःवर तपासलं, ते बरोबर आहे. जेवण तेच, वजन तेच. हे कधीपासून चाललंय?

इंदूबाई : दोन महिने. त्याच्या आधी कशी सुतासारखी होती.

रुपाली : मग दोन महिन्यांपूर्वी या घरात काय बदललं?

देवराव : तुहं पोतं आलं, दुसरं काय? तू लोहाऱ्याच्या प्लास्टिक वितळवाच्या कारखान्यात लागली अन् साऱ्या गावाले प्लास्टिक जमा कराले लावलं. चिप्सचे पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, भंगारवाला बी ज्याले हात लावत नाई ते सारं तुही माय धुऊन वाळू घालते. माह्या बन्यानले दोरीवर जागा नाई.

इंदूबाई : हसा. साठ किलो झालं का कारखाना त्याचा बाक करून देते. बसथांब्यावर ठेवनार हाये. हे नेरच्या बसची वाट पाहातानी गुडघे धरून धोंड्यावर टेकते, मले पाहावत नाई. अन् बचत गटाच्या विमलताई भर सभेत म्हने, इंदूच्या गल्लीचं वजन कमी पडून राह्यलं.

रुपाली : मग?

इंदूबाई : मंग काय, घरात होतं ते दिलं. गोळ्याचे पत्ते दिले. चालते म्हनून तूच सांगतलं होतं, दोन्हीकडून चांदीवानी चमकते ते.

रुपाली : चालतात. पण आधीच्या महिन्याचे पत्ते तू फेकून द्यायचीस, आणि नवे सगळे रिकामे व्हायला महिना लागतो. औषध एक तारखेला येतं, आमची प्लास्टिक न्यायची गाडी दोन तारखेला. दोन तारखेला तुझ्याकडे रिकामे पत्ते आले कुठून?

इंदूबाई : सोलले ना एका दुपारी. पहिल्याच गाडीले रिकाम्या हातानं कशी जाऊ? अन् या महिन्यात बी तसंच केलं.

देवराव : अर्धे म्या सोलले. भुईमुगाच्या शेंगावानी. बरं वाटलं.

रुपाली : आणि आतल्या गोळ्या?

इंदूबाई : फेकल्या नाई वं! डबीत हायेत. थांब, दाखवते.

(इंदूबाई आतून स्टीलची डबी आणते.)

रुपाली : यातली साखरेची कोणती आणि रक्तदाबाची कोणती?

इंदूबाई : दोन्ही त्याच्यातच. सकाळी एक देते, रात्री एक. महिना सरला का डबी खाली, एक उरत नाई. साऱ्या त्यायच्याच पोटात जाते ना शेवटी?

रुपाली : जातात. पण दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, मापही एक. एखाद्या दिवशी सकाळी आणि रात्री साखरेचीच गेली, की दुसऱ्या दिवशी चोपन्न. दोन-तीन दिवस ती एकदाही गेली नाही, की दोनशे बारा.

इंदूबाई : म्हंजे विहिरीपाशी... त्यायले म्या पाडलं?

देवराव : चूप बैस. पाडलं म्हने. बैल पाडतो तसा पडलो का मी?

इंदूबाई : नाई पाह्यजे मले बाक.

रुपाली : आई, इकडे बघ. डबी माझ्याकडे दे. दोन महिन्यांच्या सगळ्या पत्त्यांचं वजन तीस ग्रॅमसुद्धा भरलं नसेल, गं.

इंदूबाई : तीस ग्रॅम तं तीस. गल्लीचं नाव तं लागलं.

रुपाली : विमलताईंना मी आत्ताच फोन करते. गावात आणखी कुणी सोलले असतील. आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देते.

देवराव : काय लिहितं?

रुपाली : झालं ते. ‘रुग्णाच्या पत्नीनं दोन्ही गोळ्या...’

देवराव : पत्नी कायले? खोड. तो डॉक्टर तिच्यावर खेकसंन. आठ वर्सं झाले, हातावर गोळी ठेवते, पानी देते, गिळल्याबिगर समोरून हालत नाई. ते कोन्या रकान्यात लिहितं तू?

रुपाली : तसा रकाना नसतो, बाबा.

देवराव : मंग पत्नीचा बी नसंल. नव्यानं लिही.

इंदूबाई : लिहू द्या तिले. खरं तेच लिहीन ते.

देवराव : वाच.

रुपाली : ‘दोन महिने साखर अनियमित. इन्सुलिनचा निर्णय कृपया थांबवावा. कारण सापडले आहे : साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पत्त्यांतून काढून एकाच डबीत ठेवण्यात आल्या, दोन्ही दिसायला सारख्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी दिली गेली. पत्ते प्लास्टिक-संकलनासाठी रुग्णाच्या मुलीने मागितले होते. गोळ्या संपेपर्यंत पत्ता सोलू नये, हे सांगायचे तिच्याकडून राहून गेले.’